वाचनाचा छापील पाठ आणि शिक्षकाचे कर्तव्य



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही चालक मंडळींचे आभारी आहो. उत्सवाच्या सभेत वक्त्याने जुन्या आठवणी सांगाव्या, थोरांचे गुण गावे आणि खाली बसावे, अशी रीत आहे. आम्ही मात्र आज एका साध्या व रोजच्या विषयावर बोलणार आहो. आमचे आयुष्य तिरोडा तालुक्यातील प्राथमिक वर्गांत गेले. मुलांस वाचावयास शिकविणे हेच आमचे मुख्य काम होते, आणि त्या कामात आमच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. त्या चुकांपासून जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे, असे मनात आहे. आपणांपैकी कित्येक आईबाप आहेत, काही शिक्षक आहेत, काही रविवारी मुलांस धर्मशिक्षण देतात. तेव्हा विषय आपल्या सर्वांच्या घरचाच आहे.

हल्ली प्राथमिक शाळेच्या शिक्षकास वाचन शिकविण्यासाठी नुसते पुस्तक मिळत नाही, तर पुस्तक कसे शिकवावे याची पुस्तिकाही मिळते. कोणत्या आठवड्यात कोणती अक्षरे घ्यावी, गोष्ट किती वेळ सांगावी, सांगताना कोठे थांबून कोणता प्रश्न विचारावा, मुले काय म्हणतील व त्यावर शिक्षकाने काय म्हणावे, हे सर्व तीत छापलेले असते. "आधी मी वाचतो, मग आपण मिळून वाचू, मग तुम्ही वाचा", असा क्रमही बहुधा तीत ठरलेला असतो. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' नावाची योजना सुरू केली. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने अर्थ समजून मिनिटाला निदान ६० शब्द वाचावे, असे तिचे एक लक्ष्य आहे, आणि २०२६-२७ सालापर्यंतची मुदत त्यासाठी घातलेली आहे. त्याआधी आपल्या राज्यात २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला होता. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने मुलांचे इयत्तेप्रमाणे नव्हे, तर वाचता किती येते त्याप्रमाणे गट पाडण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ केली.

ही गोष्ट अगदी नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. धूळपाटीवर बोट फिरवून मूळाक्षरे घोकविणारा जुना पंतोजीसुद्धा एका ठरलेल्या पाठाप्रमाणेच चालत असे. मद्रासेत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीसाहेबांनी अशीच वाळूवर अक्षरे काढणारी मुले पाहिली, ती युक्ती आपल्या अनाथालयात आणली, आणि १७९७ साली तिची हकीकत विलायतेत छापून प्रसिद्ध केली. पुढे मुंबई इलाख्यात मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली व गावोगावच्या शाळांत एकच धडा एकाच रीतीने चालू लागला. सारांश, कोणीतरी दूर बसून पाठ लिहावा आणि कोणीतरी मुलांपुढे उभे राहून तो चालवावा, ही व्यवस्था जुनीच आहे. या दोघांमध्ये जे अंतर राहते ते कोणी भरून काढावे, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम छापील पाठाची बाजू न्यायाने मांडू. देशभर मुलांचे वाचन घरोघर जाऊन तपासणारी 'असर' नावाची पाहणी २००५ सालापासून होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतील १०० मुलांपैकी सुमारे २७ मुलांसच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे चारांतील जवळजवळ तीन मुले पुस्तक हाती धरून बसतात, पण पुस्तक त्यांच्याशी बोलत नाही. आपल्याकडे एका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता असतात. नवा शिक्षक येतो, त्याला पहिलीचा वर्ग कधी दिलेला नसतो. अक्षर कोठून सुरू करावे हेही त्याला ठाऊक नसते. अशा शिक्षकास कोणी अनुभवी माणसाने पायरीपायरीने वाट दाखविली, तर तो उपकारच आहे. पुस्तिकेची टिंगल करणारे आमचे कित्येक व्यवसायबंधू आहेत. त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, ती हाती येण्यापूर्वी आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावरचे मूल वाचत होते काय?

आता आमची पहिली चूक सांगतो. एका वर्षी शाळेस अशीच एक पुस्तिका आली. आम्ही तिच्यातील अक्षर न् अक्षर पाळावयाचे ठरविले. एका पाठात समुद्रकिनाऱ्यावरची गोष्ट होती. पुस्तिकेत छापले होते की मुलांस विचारा, समुद्रावर काय काय दिसते. आम्ही विचारले. वर्ग गप्प. आमच्या मुलांनी वैनगंगा पाहिलेली, गावचा तलाव व बोडी पाहिलेली, धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात आईबरोबर उभी राहिलेली. समुद्र कोणी पाहिला होता? पण पुस्तिकेत पुढचा प्रश्न होता, म्हणून आम्ही पुढचा प्रश्न विचारला. दहा मिनिटे अशी गेली. पाठ पूर्ण झाल्याची खूण आम्ही वहीत केली, आणि मुलांच्या डोक्यात काहीही गेले नाही.

याहून वाईट गोष्ट वाचन-तपासणीच्या दिवशी घडली. तिसरीतील एका मुलीस आम्ही शब्दांची चिठ्ठी दिली. तीत 'पाणी' होते, 'कोण' होते, 'गाणे' होते, 'शेत' होते. मुलीने वाचले, 'पानी', 'कोन', 'गाने', 'सेत'. शब्द छापल्याप्रमाणे उच्चारला तरच बरोबर धरावा, अशी सूचना होती. आम्ही चार फुल्या मारल्या. बेरीज केली तेव्हा ती मुलगी शब्द न वाचता येणाऱ्यांत पडली, आणि आम्ही तिला पहिलीच्या मुलांबरोबर अक्षरओळखीच्या गटात बसविले. गणपतीनंतरचे ते दिवस होते. ती मुलगी हळूहळू बोलेनाशी झाली. नाताळ जवळ आला तेव्हा बाजाराच्या दिवशी तिची आजी वाटेत भेटली. तिने विचारले, "गुरुजी, पोरगी घरी मले रोज प्रार्थनेचं पुस्तक वाचून दाखवते. मंग शाळेत काहून नाई वाचत?"

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या भागात घरी कोणी झाडीबोली बोलतो, कोणी पोवारी. हिंदी तर बाजारात व आगगाडीत नेहमी कानी पडते. पूर्वेकडे गोंडी बोलणारी घरे आहेत. त्यांच्या घरी पाण्यास 'येर' म्हणतात. आपल्याकडच्या बोलींत 'ण' चा बहुधा 'न' होतो व 'श' चा 'स' होतो. त्या मुलीने कागदावरचा 'पाणी' हा शब्द डोळ्यांनी ओळखला होता, त्याचा अर्थ तिला कळला होता, आणि आजीच्या घरी तो जसा बोलतात तसा तिने तो उच्चारला होता. वाचन याहून वेगळे काय असते? 'ण' चा प्रमाण उच्चार शिकविणे हे आमचे काम शिल्लक होते खरे, परंतु ते वाचनाचे नव्हे, उच्चाराचे काम होते. दोहोंतील भेद पुस्तिका लिहिणाऱ्यास कळणे कठीण होते, कारण तो तिरोड्यात राहत नव्हता. आम्ही तर येथेच राहत होतो. म्हणून ती चूक पुस्तिकेची नव्हे, आमची होती.

आता दुसरी चूक. या प्रकाराने आम्ही इतके खजील झालो की पुढच्या वर्षी ती पुस्तिका कपाटात टाकली. मनाला येतील त्या गोष्टी सांगितल्या, गाणी म्हणविली, मुलांस तलावावर नेले. वर्ग आनंदाने गजबजून गेला, आणि पाहणाऱ्यांनी आमची स्तुतीही केली. परंतु दिवाळीनंतर एकेका मुलास जवळ बसवून वाचविले, तेव्हा आमचे डोळे उघडले. हुशार मुले पुढे गेली होती. मागची मुले एकसुरात ओठ हलवीत होती. ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आम्ही कधी घेतल्या, कधी राहिल्या. 'सूर्य' मधला रफार, 'चक्र' मधला र, 'ट्रक' मधला र, ही एकाच अक्षराची तीन रूपे ओळीने शिकवावयाची असतात. ती आम्ही विसरलोच होतो. पुस्तिकेने जो क्रम लावला होता तो उगीच नव्हता. आमच्या लहरीचा दंड दुबळ्या मुलांनी भरला.

आमचा हा अनुभव एकट्याचा नाही. गटांप्रमाणे वाचन शिकविण्याची जी पद्धत आम्ही वर सांगितली, ती सरकारी शाळांत नेण्याचे प्रयोग काही राज्यांत झाले व अर्थशास्त्रज्ञांनी ते बारकाईने तपासले. बिहार व उत्तराखंड येथे शिक्षकांस साहित्य मिळाले, शिक्षण मिळाले. परंतु रोजच्या पाठ्यपुस्तकाच्या धबडग्यात त्या पद्धतीस शाळेच्या दिवसात जागाच मिळाली नाही, व नियमित शाळेच्या दिवसांत फळ फारसे दिसले नाही. हरियाणात २०१२-१३ साली तिच्यासाठी दररोज एक तास राखून ठेवला, त्या तासापुरते मुलांचे गट पाडले व देखरेख ठेवली. तेथे मुलांचे वाचन सुधारले. उलट बाजूही तितकीच खरी आहे. निरनिराळ्या देशांतील शिक्षक-मार्गदर्शिकांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मार्गदर्शिका असल्याने मुलांचा फायदा होतो, असे त्यात दिसून आले. परंतु शिक्षकाच्या तोंडचा शब्दन् शब्द लिहून देणाऱ्या मार्गदर्शिकांपेक्षा सुटसुटीत मार्गदर्शिका अधिक उपयोगी पडतात, हेही दिसून आले.

तर मग ठेवावे काय आणि बदलावे काय? आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे उत्तर असे आहे. चार गोष्टींस हात लावू नये. पहिली, अक्षरांचा व मात्रांचा क्रम. दुसरी, वाचनासाठी राखलेला रोजचा वेळ. तिसरी, प्रत्येक मुलाने एकट्याने वाचून दाखविणे. कारण एकसुरात वाचणाऱ्या वर्गात न वाचणारे मूल सहज लपते. चौथी, प्रामाणिक नोंद. या चार गोष्टी मुलांच्या हक्काच्या आहेत. बाकी शब्द, उदाहरणे, प्रश्न, घरची बोली, गोष्टीची सुरुवात, आणि एका पायरीवर किती दिवस थांबावे, या गोष्टी शिक्षकाच्या विवेकावर सोडलेल्या बऱ्या. त्या त्याने बदलाव्या, आणि न बदलल्या तर त्याचा जाब त्याला विचारावा.

असे बदल करण्यात आपल्या महाराष्ट्राने फार मोठा कित्ता घालून दिला आहे. मारिया माँटेसोरी या इटालियन बाईंनी १९०७ साली रोम शहरात आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधनाचे माप, रंग व वापर ठरलेला असे, आणि ती साधने महाग असत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास ही पद्धत चालविली, व पुढे १९४५ साली बोर्डी येथे ती खेड्यातील मुलांपर्यंत नेली. त्यांस व अनुताई वाघ यांस कळून आले की शहरातील साधने येथे चालावयाची नाहीत. तेव्हा त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, गावात मिळणारे जिन्नस घेतले. मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. पद्धतीचे तत्त्व त्यांनी सोडले नाही. मुलाने स्वतःच्या हातांनी, आपल्या गतीने शिकावे, हे त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवले. फक्त सामान बदलले.

वाचनाच्या बाबतीत मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या विदुषींनी फलटणला राहून, मराठी आपलीशी करून, आयुष्यभर हेच काम केले. आमच्याही वर्गात, धाकट्या प्रमाणावर का होईना, पुढे तसेच झाले. पुस्तिकेत 'ध' चा दिवस असला म्हणजे आम्ही 'ध' च घेऊ, पण धानाची लोंबी हातात देऊन. 'त' ला तलाव, 'म' ला मोह, 'ब' ला बांधी. पुस्तिकेत भाताची 'लावणी' आली की फळ्यावर शेजारी 'रोवणी' लिहू, आणि सांगू की कोकणातील मुले असे म्हणतात, आपण असे म्हणतो, दोन्ही मराठीच. समुद्राची गोष्ट आम्ही गाळली नाही. ती गाळली तर तिरोड्याच्या मुलास समुद्र कधी कळावा? आम्ही आधी वैनगंगेच्या पुराची आठवण काढली, पलीकडचा काठ दिसेनासा झाला तर कसे वाटेल असे विचारले, आणि मग समुद्राकडे गेलो. त्या दिवशी मुलांनी प्रश्न विचारले. आम्हांस विचारावे लागले नाहीत.

तपासणीच्या वेळी 'पानी' असे वाचणाऱ्या मुलास आम्ही 'बरोबर' ची खूण करू लागलो व बाजूस बारीक 'उ' लिहू लागलो, म्हणजे उच्चाराकडे पुढे लक्ष द्यावयाचे. मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजल्यावर एक प्रश्न अर्थाचा विचारू लागलो. कारण घड्याळाकडे पाहून धावत वाचणारा एक मुलगा, काय वाचलेस असे विचारताच, आमच्याकडे टकमक पाहत राहिला होता. रोवणीच्या दिवसांत निम्मी मुले शेतावर असतात. ती परतल्यावर पुस्तिकेचा पुढचा आठवडा त्यांच्यावर न लादता, मागचे दोन आठवडे त्यांच्यापुरते पुन्हा घेऊ लागलो. वेळापत्रकात आम्ही मागे पडलो. ते मागे पडणे लपविले नाही, नोंदविले.

ही नोंद फार महत्त्वाची आहे. जो बदल केला तो पुस्तिकेच्या समासात तारीख घालून लिहावयाचा, आणि कारण एका वाक्यात द्यावयाचे, अशी सवय आम्ही लावून घेतली. तिचा पहिला उपयोग असा की पर्यवेक्षक आले म्हणजे दाखवावयास काहीतरी हाती असते. दुसरा उपयोग मोठा आहे. कारण लिहावयास बसले म्हणजे मनुष्य स्वतःशी खोटे बोलू शकत नाही. 'मुलांस कंटाळा आला' असे लिहिताना कित्येकदा आमच्या ध्यानात आले की कंटाळा मुलांस नव्हे, आम्हांसच आला होता.

आपल्या मंडळीस परिचयाचे एक उदाहरण देऊन हा भाग संपवितो. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी येथील भाषा शिकून, येथील पुराणांच्या धर्तीवर, ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जे सांगावयाचे त्यात त्यांनी काडीचा फेर केला नाही, परंतु स्वर्गास 'वैकुंठ' म्हणावयास ते कचरले नाहीत, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला तोच शब्द ओळखीचा होता. आमच्या धर्मशिक्षक बंधुभगिनींनी याचा विचार करावा. प्रश्नोत्तरी पाठ झाली म्हणजे समजली असे नाही. मुलास एकदा त्याच्या घरच्या भाषेत तेच उत्तर सांगावयास लावावे. मग कळते, काय आत गेले व काय ओठांवरच राहिले.

आईबापांसही दोन गोष्टींची विनंती आहे. रोज रात्री दहा मिनिटे मुलाकडून मोठ्याने काहीतरी वाचून घ्या. प्रार्थनेचे पुस्तक घ्या, वर्तमानपत्र घ्या, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर घ्या. स्वतःस वाचता येत नसले तरी ऐकता येते. त्या आजीस तरी कोठे वाचता येत होते? दुसरे असे की घरच्या बोलीची मुलास लाज वाटू देऊ नका. आणि या मंडळीने ज्युबिलीची आठवण म्हणून काही करावयाचे मनात आणले, तर रविवारच्या धर्मशिक्षणानंतर अर्धा तास एखाद्या खोलीत सतरंजी पसरून मुलांसाठी गोष्टींची पुस्तके मांडावी, आणि वाचणाऱ्या मुलाजवळ ऐकणारे एक वडील माणूस बसवावे, एवढे सुचवितो. यास पैसा थोडा लागतो, माणसे मात्र नियमाने यावी लागतात.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण मनात म्हणत असाल. नाताळची सुट्टी संपताच आम्ही तिला तिच्या वर्गात परत बसविले, आणि सर्व मुलांसमोर सांगितले की चूक गुरुजींची झाली होती. पहिले काही दिवस ती वाचावयास उठेना. मग एके दिवशी उठली, हळू आवाजात सबंध पान वाचले, आणि 'पाणी' या शब्दाशी थांबून आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. ती पुढे वाचू लागली. परंतु भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंतचे तिचे जे महिने आम्ही घालविले ते तिला परत देता आले नाहीत. हजेरीपटाच्या त्या वर्षाच्या वहीत त्या चार फुल्या अजून आहेत. आम्ही त्या खोडल्या नाहीत. खाली तारीख घालून कारण लिहून ठेवले आहे.